विकायला हरकत नाही, ऑर्डर घ्यायला आहे

ताई, नमस्कार. मी कोल्हापूरचा, वय 64. उद्यमनगरात 34 वर्षं पॅटर्नमेकर म्हणून, म्हणजे बिडाच्या ओतकामासाठी लाकडी नमुने करायचं, काम केलं. निवृत्तीनंतर मागच्या पडवीत एक हॉर्सपॉवरचा लाकूड कातायचा लेथ बसवला. सहा वर्षांत वाडगी, करंडे, रव्या, लाटणी, भोवरे असं बरंच कातलं. वाटून वाटून दमलो, तरी दीडेकशे नग घरात पडून आहेत. सूनबाई म्हणतात, ‘बाबा, ऑनलाइन टाकू, लोक उड्या मारून घेतील.’ मुलाच्या ओळखीच्या एका कंपनीने दिवाळीच्या भेटीसाठी आंब्याच्या लाकडाची सात इंची 120 वाडगी मागितलीत. नगाला 250 रुपये देतो म्हणतात. दिवाळी तीन महिन्यांवर आली आहे. शेजारी म्हणतात, ‘बाजारात लाटणं 40 रुपयांना मिळतं, तुमचं कोण घेणार?’ आणि ही म्हणते, ‘तुमचा जीव रमतो म्हणून सहा वर्षं भुसा झाडतेय, दुकानासाठी नाही.’ पैशाची नड नाही. पेन्शन बेताची आहे, पण भागतं. तरी एखाद्या परक्या माणसाने पैसे मोजून आपली वस्तू न्यावी असं वाटतं, हे खोटं कशाला बोलू? विकावं का?

दादा, नमस्कार.

पत्रातलं शेवटचं वाक्य तुम्ही जरा संकोचून लिहिलंय. मी तिथूनच सुरुवात करते. परक्या माणसाने पैसे मोजून आपली वस्तू न्यावी असं वाटणं ही हाव नव्हे. घरचे, पाहुणे, शेजारी ‘छान झालंय’ म्हणतात त्यात माया असते, आणि ती मोलाची असते. पण ज्याला तुमचं नावही माहीत नाही असा माणूस समोरची दहा वाडगी उचलून बघतो, नऊ खाली ठेवतो आणि दहावं घेऊन खिशात हात घालतो, तेव्हा जे कळतं ते घरच्या कौतुकातून कळत नाही. 34 वर्षं तुम्ही केलेला पॅटर्न साच्यात गेला, त्यातून बिडाची वस्तू निघाली आणि तुमचं लाकूड पुन्हा कपाटात जाऊन पडलं. तुमच्या हातची मूळ वस्तू कुणी घरी नेली नाही. ती आता कुणी न्यावी असं वाटत असेल तर मला त्यात काहीही वावगं दिसत नाही.

तेव्हा विका. मात्र ती 120 वाडग्यांची ऑर्डर घेऊ नका. ही दोन वेगळी कामं आहेत आणि बहुतेकांची फसगत ती एकच समजण्यात होते. झालेली वस्तू विकणं म्हणजे आधी तुम्ही मनासारखं कातलं आणि मग कुणाला तरी ते आवडलं. ऑर्डर म्हणजे आधी कुणीतरी आकार, संख्या, तारीख आणि दर ठरवला आणि मग तुम्ही लेथसमोर उभे राहिलात. दुसऱ्या प्रकारात तुम्ही 34 वर्षं काढली आहेत. ते काम कसं असतं हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता हिशेब मांडू. सात इंचाचं आंब्याचं वाडगं. ओलं लाकूड खडबडीत कातायला अर्धा तास. वाळल्यावर पुन्हा चकवर, म्हणजे लेथच्या पकडीत, धरून शेवटचं कातकाम पाऊण तास म्हणा. 80 नंबरच्या पॉलिश पेपरपासून 320 पर्यंत घासायला अर्धा तास. तेलाचे तीन हात आणि मेण मिळून पंधरा-वीस मिनिटं. सगळे धरून दोन तास. सामानात लाकूड 70 रुपये, पॉलिश पेपर 25, तेल-मेण 20, वीज 10, म्हणजे 125 रुपये. तुमच्याकडचे आकडे थोडे इकडेतिकडे असतील, ते तुमचे तुम्ही घाला. 120 नगांचे तुम्हाला 30,000 रुपये मिळणार, त्यातले 15,000 सामानात गेले. उरलेल्या 15,000 ला 240 तासांनी भागा. तासाला साडेबासष्ट रुपये पडतात. यात फुटलेलं एकही वाडगं धरलेलं नाही, आणि दहात एक तरी जातंच. पटाशीला धार लावायचा वेळ धरलेला नाही. खोकी आणि पोचवणंही नाही. रोज चार तास उभं राहिलात तर साठ दिवस जातील, आणि चाळिसाव्या वाडग्यापासून तुम्ही लाकडाकडे बघायचं सोडून माप घ्यायच्या कॅलिपरकडेच बघत राहाल.

शिवाय हे काम तीन महिन्यांत होणारच नाही. पॅटर्न करताना बीड गार होताना फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं म्हणून तुम्ही श्रिंकेज स्केल, म्हणजे तेवढी वाढवलेली मोजपट्टी, वापरत होतात. बीड निदान सगळीकडून सारखं आणि ठरल्यासारखं आकसतं. लाकूड तसं नाही. आडव्या अंगाने जास्त, उभ्या अंगाने जवळजवळ नाहीच. म्हणून ओलं कातलेलं गोल वाडगं वाळल्यावर लंबगोल होतं. त्यावरचा उपाय तुम्हाला ठाऊक असणार: व्यासाच्या एक दशांश जाडी ठेवून, म्हणजे सात इंचाला साधारण सहा सूत, खडबडीत कातायचं, लाकडाच्या उभ्या रेषांची टोकं उघडी पडतात तिथे मेण लावायचं आणि सावलीत महिनोन्महिने ठेवायचं. बुडावर पेन्सिलीने तारीख आणि वजन लिहायचं, दर पंधरा दिवसांनी पुन्हा वजन करायचं, आणि वजन उतरायचं थांबलं की वाळलं म्हणायचं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात ते वजन किती सावकाश उतरतं हे तुम्हीही पाहिलं असेल. आत्ता घेतलेलं लाकूड दिवाळीला तयार नसेल. घाईने दिलीत तर 120 कुटुंबांत संक्रांतीपर्यंत वाकडी नाहीतर चिरलेली वाडगी असतील, आणि बुडावर तुमचं नाव असेल.

माझ्याकडून हे एकदा झालंय. एका लग्नात वाण म्हणून वाटायला कुंकवाचे 60 करंडे मागितले गेले. मोठं घर, आग्रह, मला नाही म्हणता आलं नाही. लाकूड वरवर कोरडं वाटत होतं, आतून नव्हतं. एप्रिलमध्ये दिले तेव्हा झाकणं अशी बसत होती की उघडताना हलकासा ‘टक्’ आवाज यायचा, मला त्याचा फार अभिमान वाटला होता. जुलैत फोन यायला लागले. काही झाकणं फुगून अडकली, एकाने चमच्याने उचकटताना कड फोडली, काहींना चीर गेली. मी वीस करंडे परत घेऊन नवे करून दिले. त्या वर्षी मनासारखं एकही काम केलं नाही, आणि पुढे आठ महिने करंडा कातायला हात उठला नाही. पैसे गेल्याचं फारसं वाटलं नाही. हात न उठण्याचं वाटलं.

दराबद्दल आणखी एक बोलायचंय, कारण तुमच्यासारख्या पेन्शनरांनी नकळत नुकसान करावं अशी ही जागा आहे. तुम्हाला पैशाची नड नाही, म्हणून तुम्ही 250 ला वाडगं देऊ शकता. पण याच कामावर चूल पेटणारी माणसं आहेत. मी कातकाम शिकले सावंतवाडीच्या बाजूला, तिथे चितारआळीत लाकडी फळं, भातुकली, रंगीत खेळणी करणारी घरं आहेत. फिरत्या लाकडावर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि रंग सारखा पसरतो, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तासभर तिथून हलले नव्हते. गावोगावी एकेकाळी कातारी होते. पाळण्याचे दांडे, वाड्यांचे कातीव खांब, देव्हाऱ्याचे कळस त्यांच्या हातचे असत. त्यातले जे उरलेत त्यांच्यासमोर गिऱ्हाईक उद्या म्हणेल, ‘कोल्हापूरचे एक काका 250 ला देतात की.’ तुमची हौस त्यांच्या पोटावर येऊ नये. म्हणून शौकीन माणसाने दर धंदेवाल्याइतका किंवा वरच ठेवावा, खाली कधीच नाही. हे मी प्रत्येकाला सांगते आणि याबाबत माघार घेत नाही.

मग दर किती? वरचाच हिशेब पुढे न्या. दोन तासांची मजुरी तासाला 150 धरली तर 300, सामान 125, फुटतुटीचे पन्नासेक. पावणेपाचशे ही तुमची मूळ किंमत झाली. तुम्ही स्वतः विकलंत तर 700 ते 800 सांगा. दुकानात ठेवायचं असेल तर दुकानदाराचं कमिशन त्यातून जाणार, बऱ्याच ठिकाणी ते तीस-चाळीस टक्के असतं, ते आधीच धरा. आकडा सांगताना जीभ अडखळेल. छोट्या चिठ्ठीवर लिहून वस्तूला बांधून ठेवा, म्हणजे तोंडाने सांगावं लागणार नाही.

शेजाऱ्यांचं 40 रुपयांचं लाटणं खरं आहे, आणि ज्याला ते हवंय त्याने तेच घ्यावं. ते यंत्रावर एकाच मापाने निघतं, हलकं असतं आणि त्याचं काम करतं. तुमचं लाटणं मी पाहिलेलं नाही, पण तुम्ही ते पोळ्या करणारीच्या हाताचा पंजा बघून मधे जरा फुगीर, टोकांना निमुळतं, बाभळीचं किंवा शिसवीचं वजनदार करत असाल, तर ते निराळ्या बाईसाठी आहे. ती दहा बायकांत एक असते. तुमच्याकडे दीडशेच नग आहेत, ते संपायला तेवढ्या बायका पुरेत.

नातेवाइकांसाठी माझा एक नियम आहे. भेट द्यायची तर पूर्ण भेट, विकायचं तर पूर्ण किंमत. ‘तुझ्यासाठी म्हणून दीडशे’ या मधल्या जागी कधीही जाऊ नका. घेणाऱ्याला वाटतं आपण विकत घेतलं, तुम्हाला वाटतं आपण दिलं, आणि दोघांच्याही मनात बारीकसं काहीतरी सलत राहतं.

आता काय विकायचं आणि काय नाही, याकडे जरा बारकाईने बघा, कारण परक्याच्या घरी गेलेली वस्तू तुम्हाला रोज दिसणार नाही. आंबा आणि सुबाभळीला भुंगा लागतो. वस्तूखाली पिठासारखा भुसा पडलेला दिसला की ती बाजूला काढा. दीडशेही नग पांढऱ्या कागदावर पंधरा-वीस दिवस मांडून ठेवा, पावसाळा त्यासाठी बराच आहे. झाकणाच्या वस्तू एक पावसाळा आणि एक उन्हाळा घरात काढल्याशिवाय विकू नका. खाण्याच्या वाडग्यांना हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल लावू नका, ते लवकर वाळावं म्हणून त्यात बऱ्याचदा धातूंची संयुगं घातलेली असतात. शेंगदाण्याचं तेलही नको, ते खवट होतं. शुद्ध जवसाचं तेल सावकाश वाळतं, पण वाळतं. वर मधमाशीचं मेण. आणि ते तेल पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, दादा. वाळताना ती आतून तापतात आणि आपोआप पेट घेतात. दोरीवर मोकळी पसरून वाळवा. पडवीत भुसा असताना ही हयगय परवडणारी नाही. लाखेचं काम असेल तर गिऱ्हाइकाला सांगा की गरम चहाचा पेला वर ठेवू नका, पांढरा डाग पडतो. प्रत्येक वस्तूबरोबर चार ओळींचा कागद द्या: कोणतं लाकूड, कोणतं तेल, पाण्यात भिजत ठेवू नये, आणि एका वर्षात चीर गेली तर परत घेऊन येणे. ही शेवटची ओळ लिहायची भीती वाटली तर समजा की ती वस्तू अजून विकायला तयार नाही.

भोवरे मात्र थांबवा. 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालच्या मुलांसाठीच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. केंद्राच्या हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे. तेव्हा भोवरे, खुळखुळे, भातुकली विकायची असेल तर आधी कारागिराचं ओळखपत्र, ज्याला ‘पहचान’ कार्ड म्हणतात, ते काढा. तोवर भोवरे नातवंडांना आणि गल्लीतल्या पोरांना वाटा. बाकी कागदपत्रांचं फार ओझं घेऊ नका. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत होते, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला वाट दाखवा. वस्तूंसाठी जीएसटीची मर्यादा आपल्या राज्यात वर्षाला 40 लाख आहे, तिकडे तुम्ही फिरकणारही नाही. पण संकेतस्थळावरून किंवा राज्याबाहेर विकलं की नियम बदलतात. सूनबाईंनी खातं उघडण्याआधी अर्धा तास सीएकडे बसावं. शिसवीच्या वस्तू परदेशात विकायला पाठवायचा विचार कुणी सुचवला तर लगेच हो म्हणू नका. शिसवीच्या साऱ्या जाती 2017 पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधात आहेत.

तसंही पहिल्या वर्षी ऑनलाइन नकोच, असं मला वाटतं. सूनबाईंचा उत्साह खरा आहे, पण फोटोत लाकडाचं वजन येत नाही, हाताला लागणारा गुळगुळीतपणा येत नाही, आणि ‘अगदी असंच अजून एक’ ही मागणी पहिल्या आठवड्यात येते. तीच पुढे ऑर्डर होते. त्यापेक्षा दिवाळीआधीच्या एका शनिवार-रविवारी घरच्या सोप्यात वस्तू मांडा. दीडशे नकोत, चाळीस निवडा. ओळखीच्यांना सांगा की ओळखीच्यांची ओळखीची माणसं घेऊन या. लेथ पडवीत चालू ठेवा, अधूनमधून एखादी रवी कातून दाखवा. लोक हात लावतील, वास घेतील, हे कशाचं लाकूड म्हणून विचारतील, कुणी दर ऐकून वस्तू खाली ठेवेल. ती खाली ठेवली गेली की वाईट वाटेल. ते वाईट वाटणं सोसवतं का, हेच तर तुम्हाला बघायचंय. कुणी म्हणालं, ‘असे सहा हवेत,’ तर म्हणा, ‘पुढच्या वर्षी मांडेन तेव्हा असतील तर घ्या.’ सूनबाईंना फोटो काढायला आणि चिठ्ठ्या लिहायला सांगा, त्यांचा हात चांगला असणार.

आणि पैशाचं एक. आलेली सगळी रक्कम वेगळ्या डब्यात ठेवा आणि ती फक्त लेथवर खर्च करा, चांगली पटाशी, नवा चक, वाळलेलं शिसवीचं ओंडकं. घरखर्चात मिसळलीत की महिन्याची अपेक्षा तयार होते, आणि अपेक्षा आली की पुन्हा 120 वाडगी दारात उभी.

त्या डब्यातला पहिला खर्च मात्र मी ठरवते: भुसा ओढून घेणारं यंत्र आणि तुम्हा दोघांसाठी चांगले मास्क. वहिनींचं वाक्य तुम्ही पत्रात तक्रारीसारखं लिहिलंय, मला ते या पत्रातलं सर्वांत शहाणं वाक्य वाटलं. लाकडाचा बारीक भुसा माणसात कर्करोग करणाऱ्या कारणांमध्ये मोडतो, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्येच नोंदवलंय. हौशीच्या कामात तो थोडा असतो, ऑर्डरीच्या कामात तो घरभर होतो. सहा वर्षं तो झाडणाऱ्या माणसाचं या निर्णयात निम्मं मत आहे. ‘दुकानासाठी नाही’ म्हणजे नेमकं काय नको, हे त्यांना बसून विचारा. अनोळखी माणसं घरात नकोत, की भुसा नको, की तुम्ही दिवसभर पडवीत नको? तिन्हींची उत्तरं वेगळी आहेत. पहिलं असेल तर सोप्याऐवजी एखाद्या मित्राच्या दुकानाचा कोपरा मागा. तिसरं असेल तर लेथ संध्याकाळी बंद करा, मग विका वा न विका.

कंपनीला आज रात्रीच कळवा, मुलाला मधे अडकवू नका. एवढंच लिहा: ‘आपण विचारलंत याचा आनंद वाटला. माझं काम सावकाश होतं, लाकूड वाळायला महिने लागतात, त्यामुळे 120 नग दिवाळीपर्यंत चांगले देऊ शकणार नाही. दिवाळीआधी घरी थोड्या वस्तू मांडणार आहे, आपण जरूर या.’ दराचा उल्लेख नको, त्यावरून घासाघीस सुरू होते.

आणि मांडायच्या आदल्या दिवशी ते चाळीस नग आधी वहिनींसमोर ठेवा. त्यांना हवे तेवढे काढून घेऊ द्या. चिठ्ठ्या नंतर बांधा.